कॉम्प्रेसरचं प्रेशर कोण सांभाळतं? प्रेशर स्विचपासून सेफ्टी व्हॉल्व्हपर्यंत, वर्कशॉप मालकाला हवी ती सगळी माहिती



गॅरेज असो, टायरचं दुकान असो, पावडर कोटिंगचं युनिट असो की भोसरी-सातपूरच्या गाळ्यातलं छोटं सीएनसी शॉप, कोपऱ्यात एक कॉम्प्रेसर असतोच. सकाळी बटण दाबलं की तो सुरू होतो, दिवसभर आपला आपण चालू-बंद होत राहतो आणि संध्याकाळी आपण शटर ओढून घरी जातो. मशीनच्या ईएमआयची तारीख मालकाला पाठ असते. पण "तुमचा कॉम्प्रेसर किती किलोला कट होतो?" असं विचारलं, की दहातले आठ जण हेल्परकडे बघतात.

व्हिडिओमध्ये आपण हे पार्ट उघडून बघितले. इथे तेच सगळं शांतपणे लिहून देतोय. प्रिंट काढा, कॉम्प्रेसरजवळ चिकटवा आणि तुमच्या ऑपरेटरला वाचायला सांगा.

आधी समजून घ्या, टाकीत काय भरलंय

वर्कशॉपमध्ये सर्रास दिसणारी २२० लिटरची टाकी घ्या. त्यात १० किलो प्रेशर भरलंय. गणित केलं तर या हवेत साधारण ३०० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून दुसऱ्या भाषेत सांगतो. एक टन वजन साधारण ३० मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीइतकं वर उचलायला जेवढी ताकद लागते, तेवढी ताकद तुमच्या गाळ्याच्या कोपऱ्यात उभी आहे.

अजून एक हिशोब. टाकीचा व्यास ४५ सेंटीमीटर असेल, तर तिच्या एका टोकाच्या झाकणाचं क्षेत्रफळ साधारण १,५९० चौरस सेंटीमीटर भरतं. प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १० किलो, म्हणजे त्या एका झाकणावर आतून जवळजवळ १६ टनांचा जोर. वेल्डिंगचा तो गोल टाका दिवसरात्र हा जोर धरून असतो.

घाबरवायला हे सांगत नाहीये. चांगली टाकी आणि चांगले पार्ट असतील तर हे काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. पण हजार-पाचशेचा पार्ट "चालतंय ना, मग राहू दे" म्हणून तसाच ठेवताना आपण नेमकं काय पणाला लावतोय, हे मालकाला माहीत पाहिजे. टाकीच्या सगळ्यात जवळ हेल्पर पोरगा उभा असतो.

युनिटचा गोंधळ एकदाच मिटवू

आपल्याकडे कोणी "आठ किलो" म्हणतं, गेजवर पीएसआय लिहिलेलं असतं आणि कॅटलॉगमध्ये बार. तर लक्षात ठेवा:

- १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय.
- १ बार आणि १ किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १ किलो) जवळजवळ सारखेच. फरक दोन टक्क्यांचा.
- १०० पीएसआय म्हणजे साधारण ७ किलो, १५० पीएसआय म्हणजे साधारण साडेदहा किलो.

दुकानात पार्ट मागताना कोणत्या युनिटमध्ये बोलताय ते स्पष्ट सांगा. पार्टवर कोरलेला आकडा स्वतः वाचा आणि मगच पैसे द्या.

तीन थर: कंट्रोल वेगळं, सेफ्टी वेगळी

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

पहिला थर प्रेशर स्विच. तो रोजचं काम करतो. प्रेशर भरलं की मोटर बंद, कमी झालं की चालू.

दुसरा थर सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याचं रोज काही काम नाही. पहिला थर ज्या दिवशी फसेल, त्या दिवशी हवा बाहेर सोडून टाकी वाचवणं, एवढंच त्याचं काम.

तिसरा थर म्हणजे टाकीची स्वतःची मजबुती.

या तिघांचे आकडे चढत्या क्रमाने असले पाहिजेत. उदाहरण घ्या: मोटर ६ किलोला चालू, ८ किलोला बंद, सेफ्टी व्हॉल्व्ह ९ किलोला उघडणारा आणि टाकीच्या प्लेटवर कमाल प्रेशर १० किलो किंवा त्याहून जास्त. ही चढण कुठेही उलटली की सिस्टिम बिघडली असं समजा. सेफ्टी व्हॉल्व्ह १२ चा आणि टाकी १० ची असेल, तर तो व्हॉल्व्ह नुसता शोभेला आहे.

प्रेशर स्विच: चौकोनी डबीच्या आत काय असतं?

टाकीवर बसवलेली ती काळी किंवा लाल-काळी डबी म्हणजे प्रेशर स्विच. खालून टाकीची हवा एका पडद्यावर दाब देते. त्या पडद्याला वरून स्प्रिंगने दाबून धरलेलं असतं. हवेचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की पडदा वर उचलला जातो, कॉन्टॅक्ट सुटतात आणि मोटर बंद होते. हा झाला कट-आऊट. हवा वापरली गेली, प्रेशर उतरलं की स्प्रिंग पडद्याला परत खाली ढकलते, कॉन्टॅक्ट जुळतात आणि मोटर सुरू. हा कट-इन. दोघांमधलं अंतर म्हणजे डिफरन्शियल.

छोट्या कॉम्प्रेसरवरच्या बहुतेक स्विचमध्ये एक मोठी आणि एक लहान स्प्रिंग असते. मोठीचा नट घट्ट केला की कट-इन आणि कट-आऊट दोन्ही वर सरकतात. लहान स्प्रिंग दोघांमधलं अंतर ठरवते. काही मॉडेलमध्ये अंतर कारखान्यातूनच ठरलेलं असतं, तिथे एकच नट दिसेल. डबीच्या झाकणाच्या आत बाणांचं चित्र असतं. पाना लावायच्या आधी ते बघा.

अंतर किती ठेवायचं? खूप कमी ठेवलं तर मोटर सारखी चालू-बंद होते. प्रत्येक वेळी सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे वाइंडिंग तापतं आणि सिंगल फेज मोटरचे कॅपॅसिटर लवकर जातात. खूप जास्त ठेवलं तर गन मधेच ढिली पडते. वर्कशॉपच्या कामाला दीड ते दोन किलोचं अंतर साधारणपणे जमतं.

सेटिंग करायची पद्धत:

१. टाकीच्या प्लेटवरचं कमाल प्रेशर वाचा आणि कागदावर लिहा.
२. मेन स्विच बंद करा. डबीच्या आत टर्मिनल उघडे असतात आणि त्यांत सप्लाय असतो. कॉम्प्रेसर थांबला म्हणजे करंट गेला, असं होत नाही.
३. झाकण काढून मोठ्या स्प्रिंगचा नट फक्त अर्धा फेरा फिरवा. झाकण परत लावा.
४. सप्लाय चालू करून टाकी भरू द्या. किती किलोला कट झाला ते लिहा.
५. ड्रेन कॉक हळूहळू उघडून हवा सोडा. किती किलोला मोटर सुरू झाली ते लिहा.
६. हवा तो आकडा येईपर्यंत हेच परत करा. घाई करून एकदम चार फेरे फिरवू नका.

सेटिंग करताना एक माणूस गेजकडे बघत मेन स्विचजवळ उभा पाहिजे. ठरलेल्या आकड्याच्या पुढे काटा गेला की त्याने लगेच सप्लाय बंद करायचा.

आता वायरिंगचा मुद्दा. मोटर मोठी असेल तर तिचा पूर्ण करंट स्विचच्या कॉन्टॅक्टमधून नेऊ नका. स्विचने फक्त स्टार्टरच्या कॉइलला चालू-बंद करायचं आणि मोटरचा भार स्टार्टरने उचलायचा. स्टार्टरमध्ये मोटरच्या प्लेटवरच्या करंटनुसार लावलेला ओव्हरलोड रिले हवाच. कॉन्टॅक्टवर क्षमतेपेक्षा जास्त करंट गेला की ते तापून एकमेकांना चिकटतात. चिकटले की स्विचने कितीही ओढलं तरी मोटर थांबत नाही. स्टार्टरचे स्वतःचे कॉन्टॅक्ट चिकटले तरी तेच. काटा आठ, नऊ, दहा करत वर जात राहतो. त्या क्षणी तुमच्या आणि अपघाताच्या मध्ये एकच पार्ट उभा असतो, सेफ्टी व्हॉल्व्ह.

ते "फुस्स" ऐका: अनलोडर आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह

मोटर बंद झाली की स्विचजवळून एक छोटा "फुस्स" आवाज येतो. बरेच जण त्याला लीकेज समजतात. तो अनलोडर व्हॉल्व्हचा आवाज आहे आणि तो आलाच पाहिजे.

पंपाकडून टाकीकडे जाणाऱ्या पाइपमध्ये, टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. तो टाकीतली हवा मागे पंपाकडे येऊ देत नाही. मोटर थांबल्यावर पंप आणि या व्हॉल्व्हच्या मधल्या पाइपात जी हवा अडकते, ती अनलोडर सोडून देतो. त्यामुळे पुढच्या वेळी पिस्टनला डोक्यावर प्रेशर न घेता मोकळं सुरू होता येतं. सायकल चढावर थांबवून परत मारणं आणि सपाटीवर मारणं यात जो फरक, तोच इथे.

आता आवाजावरून आजार ओळखा:

- फुस्स होऊन दोन-तीन सेकंदांत थांबलं: सगळं ठीक.
- मोटर बंद असतानाही फुस्स चालूच राहिलं: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लीक आहे. टाकीतली हवा मागे येऊन अनलोडरमधून जातेय. अनलोडर बदलून उपयोग नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडून कार्बन साफ करा, सीट खराब असेल तर बदला.
- फुस्स आलंच नाही आणि पुढच्या वेळी मोटर कण्हत सुरू झाली किंवा ट्रिप झाली: अनलोडर अडकलाय किंवा त्याची बारीक नळी चोंदली आहे.
- मोटर चालू असताना फुस्स येतंय: अनलोडर नीट बंद होत नाही. टाकी भरायला वेळ लागेल, वीज फुकट जाईल.

काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करा आणि टाकी पूर्ण रिकामी करा. काटा शून्यावर आला तरी ड्रेन कॉक उघडाच ठेवा आणि मग पाना लावा. भरलेल्या टाकीवर "थोडासाच नट घट्ट करतो" हा प्रकार बंद.

एक अपवाद लक्षात असू द्या. काही ठिकाणी कॉम्प्रेसर सतत चालू ठेवतात, विशेषतः जिथे हवा अखंड लागते किंवा डिझेल इंजिनवर पंप चालतो. तिथे प्रेशर भरल्यावर मोटर थांबत नाही. सक्शन व्हॉल्व्ह उघडा धरला जातो आणि पंप नुसता मोकळा फिरतो. तुमचं मशीन कोणत्या पद्धतीचं आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर भलताच पार्ट विकत आणाल.

सेफ्टी व्हॉल्व्ह: वर्षभर गप्प, एका दिवसासाठी

पितळेचा छोटा पार्ट, वर ओढायची रिंग. आत एक स्प्रिंग सीटला दाबून धरते. हवेचा जोर ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की सीट उचलली जाते आणि हवा जोरात बाहेर पडते. वीज लागत नाही, माणूस लागत नाही.

निवडताना तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, सेट प्रेशर. कट-आऊटपेक्षा साधारण दहा टक्के वर, पण टाकीच्या प्लेटवरच्या कमाल आकड्यापेक्षा कधीही जास्त नाही.

दुसरी, हवा सोडायची क्षमता. हे दुकानात कोणी विचारत नाही. पंप मिनिटाला जेवढी हवा भरतो, तेवढी तरी व्हॉल्व्हने सोडली पाहिजे. पंप ५०० लिटर भरतोय आणि व्हॉल्व्ह २०० लिटर सोडतोय, तर व्हॉल्व्ह उघडूनही काटा वर जातच राहील. व्हॉल्व्हवर किंवा त्याच्या कागदावर क्षमता दिलेली असते, ती पंपाच्या आकड्याशी ताडून बघा. म्हणूनच मोठ्या भोकात रिड्यूसर लावून बारका व्हॉल्व्ह बसवणं धोक्याचं.

तिसरी, जागा. तो थेट टाकीवर हवा. टाकी आणि व्हॉल्व्हच्या मध्ये कॉक किंवा वाल बसवायचा नाही. तो कॉक एक दिवस कोणीतरी बंद करतं आणि उघडायला विसरतं.

आता सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट. व्हॉल्व्हमधून हवा जाते, आवाज होतो, काम अडतं. मग कोणीतरी वरचा स्क्रू आवळतो, नाहीतर व्हॉल्व्ह काढून तिथे डमी प्लग मारतो. आवाज बंद, सगळे खूश. मित्रांनो, व्हॉल्व्ह सारखा उघडतोय याची कारणं बहुतेक वेळा ही तीन असतात: स्विच वेळेवर कट करत नाही, गेज खोटं बोलतंय, किंवा व्हॉल्व्हच्याच सीटवर कचरा बसलाय. तिन्हीवर इलाज आहे. प्लग मारणं हा इलाज नाही. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडल्यासारखं आहे ते.

महिन्यातून एकदा रिंग ओढून बघा. गॉगल आणि कानाला प्लग लावा, तोंड बाजूला ठेवा, टाकीत प्रेशर असू द्या. हवा जोरात सुटली पाहिजे आणि रिंग सोडल्यावर लगेच थांबली पाहिजे. रिंग हललीच नाही तर व्हॉल्व्ह गंजून जाम झालाय. त्याच दिवशी बदला. मात्र रिंग ओढल्याने तो हलतो एवढंच कळतं. किती किलोला उघडतो ते कळायला टेस्ट बेंचवर तपासावं लागतं.

दोन स्टेजचा कॉम्प्रेसर असेल तर दोन सिलिंडरच्या मधल्या कूलिंग पाइपवरही एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो उडायला लागला तर टाकीकडे बघू नका. बहुतेक वेळा लहान सिलिंडरची व्हॉल्व्ह प्लेट लीक असते आणि हवा मागे येत असते. तो व्हॉल्व्ह तुम्हाला पंपाच्या दुरुस्तीची आगाऊ सूचना देतोय.

गेज: ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास

स्विचचं सेटिंग गेज बघून करतो, म्हणजे गेज चुकलं तर सगळंच चुकलं. टाकी रिकामी केल्यावर काटा शून्यावर येतो का ते बघा. काच फुटली असेल, काटा अडकत असेल तर नवीन लावा. कामाचं प्रेशर ८ असेल तर गेज शून्य ते १६ चं घ्या, म्हणजे काटा साधारण मध्यावर राहतो आणि वाचायला सोपं जातं. टाकीच्या कमाल आकड्यावर लाल पेंटने रेघ मारा. वाचता न येणाऱ्या हेल्परलाही ती रेघ कळते. शंका आली तर दुसरं चांगलं गेज लावून ताडून बघा.

ड्रेन कॉक: टाकीचं आयुष्य इथे ठरतं

टाकी बाहेरून रंगवलेली, आतून पाण्याने गंजणारी. हे पाणी येतं कुठून? हवेतूनच. पावसाळ्यातली ३० अंशांची, ८० टक्के दमट हवा घ्या. तिच्या एका घनमीटरमध्ये साधारण २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. आपण अशी नऊ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबतो. तेवढी वाफ त्या जागेत मावत नाही आणि तिचं पाणी होतं. पाच एचपीचा कॉम्प्रेसर दिवसात सहा तास चालला तर पावसाळ्यात दोन-तीन लिटर पाणी सहज जमतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात हे जवळजवळ वर्षभर चालतं.

हे पाणी तळाशी साचतं आणि आतून पत्रा खातं. पत्र्यावरचा ताण जाडीच्या उलट्या प्रमाणात असतो. पाच मिलिमीटरचा पत्रा अडीच झाला की तेवढ्याच प्रेशरला ताण दुप्पट. बाहेरून काही दिसत नाही.

म्हणून रोज संध्याकाळी ड्रेन कॉक उघडायचाच. विसर पडत असेल तर ऑटो ड्रेन बसवा. टाकीचा तळ सगळ्यात खाली येईल अशी ती ठेवा, वाकडी ठेवली तर पाणी कोपऱ्यात राहतं. ड्रेनमधून लाल गंजाचं पाणी खूप येत असेल तर पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने मोजून घ्या. आणि टाकीला भोक पडलं तर वरून वेल्डिंगचा ठिगळ मारू नका. जिथे भोक पडलं त्याच्या आजूबाजूचा पत्राही पातळ झालेला असतो.

टाकीनंतरची लाइन

टाकीत ८ किलो असलं तरी प्रत्येक कामाला ८ लागत नाही. स्प्रे गनला, क्लिनिंगला वेगवेगळं प्रेशर लागतं. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी फिल्टर-रेग्युलेटर लावा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमात साफसफाईसाठी हवा वापरताना प्रेशर ३० पीएसआयच्या खाली, म्हणजे साधारण २ किलोच्या आत ठेवायला सांगितलंय. आपणही हाच आकडा पाळायला हरकत नाही.

लाइनला प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप वापरू नका. पाण्याने तो फुटला तर गळतो. हवेने फुटला तर त्याचे धारदार तुकडे उडतात. जीआय, अ‍ॅल्युमिनियम किंवा हवेसाठीच बनवलेला पाइप घ्या. बेल्ट आणि पुलीवर जाळी हवीच, कारण ऑटोवर असलेली मोटर न सांगता सुरू होते.

आणि एक कडक नियम: अंगावर हवा मारायची नाही. कपड्यांवरची धूळ झटकायलाही नाही. मस्करीत एकमेकाच्या अंगात हवा सोडल्याने आतडी फुटून कामगार दगावल्याच्या बातम्या अधूनमधून पेपरात येत असतात. तुमच्या शॉपमध्ये पहिल्याच दिवशी नवीन पोराला हे समोर बसवून सांगा.

आता पैशाचं बोलू

सेफ्टी म्हणजे खर्च, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा हिशोब. कॉम्प्रेसरचं प्रेशर एक बारने कमी केलं की वीज साधारण ६ ते १० टक्के वाचते. पाच एचपीची मोटर तासाला साधारण ४.३ युनिट घेते असं धरा. रोज सहा तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे जवळपास ६५० युनिट. ९ रुपये युनिट धरलं तर ५,८५० रुपये. तुमच्या गनला ६ किलो पुरतंय आणि तुम्ही १० किलोला कट करताय, तर ८ वर आणून बघा. दोन बारचे १२ टक्के धरले तरी महिन्याला ७०० रुपये, वर्षाला आठ हजारांच्या वर. एवढ्यात स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह, गेज आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, सगळे चांगल्या प्रतीचे नवीन घ्यायला हरकत नसावी.

लीकेजही असंच मोजा. सुट्टीच्या आधी टाकी ८ किलोपर्यंत भरा, कॉम्प्रेसर बंद करा, लाइन चालू ठेवा, कोणीही हवा वापरायची नाही. २२० लिटरची टाकी दहा मिनिटांत ८ वरून ६ वर आली, तर साधारण ४४० लिटर हवा गेली, म्हणजे मिनिटाला ४४ लिटर. मिनिटाला ५०० लिटर भरणाऱ्या पंपाच्या कमाईतला हा नऊ टक्के वाटा जॉइंटमधून उडून चाललाय. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे शोधा.

जुना कॉम्प्रेसर घेताना

नवीन धंदा टाकताना सेकंडहँड घेणं चूक नाही. पण पंप जुना चालेल, मोटर रिवाइंड केलेली चालेल, टाकीच्या बाबतीत मात्र कडक राहा.

- टाकीवर निर्मात्याची प्लेट आहे का? कमाल प्रेशर, टेस्ट प्रेशर आणि वर्ष वाचता येतंय का? प्लेट नसलेली टाकी घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.
- ठिगळ, नवीन वेल्डिंग, ताजा जाड रंग दिसला तर सावध व्हा.
- जाडी मोजून घ्या आणि हायड्रो टेस्ट करून घ्या. ही टेस्ट पाण्याने, कमाल प्रेशरच्या साधारण दीडपटीपर्यंत करतात. पाणीच का? पाणी दबत नाही, त्यामुळे त्यात हवेसारखी ऊर्जा साठत नाही. टाकी फाटली तर पाणी सांडतं, स्फोट होत नाही. "हवा भरूनच टेस्ट करून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा.
- स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गेज पहिल्या दिवशी नवीन लावा. सौदा करतानाच हा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

कायद्याचंही बघा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३१ मध्ये प्रेशरवर चालणाऱ्या यंत्राचं सुरक्षित प्रेशर ओलांडलं जाणार नाही यासाठी परिणामकारक उपाय करायला सांगितलं होतं. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे येतं. तुमच्या युनिटला कोणती तपासणी किती दिवसांनी लागते, हे तिथल्या कार्यालयातून किंवा मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीकडून विचारून घ्या आणि सर्टिफिकेट फाइलला लावा. विमा एजंटलाही लेखी विचारा की पॉलिसीत कॉम्प्रेसरच्या टाकीचा स्फोट धरला आहे की नाही.

भिंतीवर लावायचं वेळापत्रक

रोज: ड्रेन कॉक उघडून पाणी काढणे. ऑइल लेव्हल बघणे. कट-आऊटला काटा कुठे थांबतो ते बघणे.

दर आठवड्याला: फुस्स आवाज ऐकणे. एअर फिल्टर झटकणे. बेल्टचा ताण आणि जाळी तपासणे.

दर महिन्याला: सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून बघणे. कट-इन आणि कट-आऊटचे आकडे वहीत लिहिणे. लीकेज टेस्ट.

दर वर्षाला: स्विचचे कॉन्टॅक्ट आणि अर्थिंग तपासणे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडून साफ करणे. गेज ताडून बघणे. सेफ्टी व्हॉल्व्ह बेंचवर तपासणे किंवा बदलणे. सक्षम व्यक्तीकडून टाकीची तपासणी.

वहीत एका माणसाचं नाव लिहा. "सगळ्यांनी बघायचं" म्हणजे कोणीच बघत नाही.

आता उद्या सकाळी करायचं काम. चहा घेण्याआधी कॉम्प्रेसरजवळ जा आणि चार आकडे कागदावर लिहा: मोटर किती किलोला सुरू होते, किती किलोला बंद होते, सेफ्टी व्हॉल्व्हवर काय कोरलंय आणि टाकीच्या प्लेटवर काय लिहिलंय. चारही चढत्या क्रमाने आले तर छान, तो कागद तिथेच लावून टाका. एखादा आकडा सापडलाच नाही किंवा क्रम उलटा आला, तर कॉम्प्रेसरचं बटण दाबायच्या आधी फिटरला फोन करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा आणि माणसं सांभाळा!